जोडीची ग्रेड

भूशास्त्र विभागात जागा एकच होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपला की ज्याची ग्रेडची सरासरी सर्वांत जास्त, त्याला सहायक म्हणून विभागातच ठेवून घ्यायचं, अशी तिथली पद्धत होती. मुलाखत नाही, शिफारस नाही. दशांशचिन्हानंतरचे दोन आकडे बघायचे आणि नेमणूक करायची. यंदा त्या जागेवर दोघींचा डोळा होता, आणि त्या दोघी एकाच घरातून, एकाच बसने आणि पाऊस असला तर एकाच छत्रीतून विभागात येत. त्या नणंद-भावजय होत्या.

नणंदेला घरात सगळे छोटी म्हणायचे. वहिनीच्या तोंडून ते नाव विभागातही पोचलं, आणि छोटीच्या तोंडून 'वहिनी' हे नावही. वहिनी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नाआधी ती सिमेंटच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करायची. लग्नानंतर एकदा जेवताना ती म्हणाली, पुढे शिकावंसं वाटतं, तेव्हा प्रवेशाचा अर्ज छोटीनेच आणून दिला. सोबत होईल, असा तिचा हिशेब होता. सोबत झाली. नको तेवढी झाली.

आधी दादा वहिनीचा झाला, त्याला छोटीची हरकत नव्हती. नवरा बायकोचा व्हायचाच. मग आईही वहिनीची झाली. आईच्या शिवणयंत्राचा पट्टा निसटला की पूर्वी हाक छोटीला जायची, ती आता वहिनीला जाऊ लागली, कारण वहिनीने बसवलेला पट्टा पुन्हा निसटत नसे. तेही छोटीने गिळलं. पण दगड तिचे होते. शाळेपासून ती खिसे भरून दगड घरी आणायची आणि आई ते परत बाहेर टाकायची. विभागात मात्र पहिल्याच महिन्यात वहिनीचं नाव झालं, तेही दगड घासण्यावरून.

खडकाचा काप काचेवर चिकटवून तो इतका घासायचा की त्यातून उजेड आरपार जावा, मगच तो सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. छोटीचा काप अगदी शेवटी कडेने झिजून नाहीसा व्हायचा. मग काचेवर नुसता राखाडी चिखल उरायचा. वहिनीचा काप कधी गेला नाही. ती घासताना कापाकडे बघायचीसुद्धा नाही, शेजारच्या मुलींशी गप्पा मारत असायची.

"वहिनी, तुला कळतं कसं कधी थांबायचं ते?" छोटीने एकदा विचारलं.

"आवाज बदलतो," वहिनी म्हणाली. "ऐक ना, आता कुरकुर कमी झाली."

छोटीने कान लावला. तिला सगळी कुरकुर सारखीच वाटली.

शेवटच्या सत्राच्या लेखी परीक्षांचे निकाल लागले त्या दुपारी छोटीने आपले आणि वहिनीचे सगळे विषय एकाखाली एक मांडले. दोन वर्षांत दर विषयाला मिळालेले ग्रेड पॉइंट घेतले, बेरीज केली आणि विषयांच्या संख्येने भागलं. तिची स्वतःची सरासरी आली आठ पूर्णांक सहा. वहिनीची आठ पूर्णांक आठ. तिने पुन्हा भागलं. आकडा हलला नाही. वहिनीच्या बाजूला तीन दहा एकाखाली एक दिसत होते: छायाचित्रण, नकाशालेखन, निसर्गचित्रं. हे विषय अभ्यासक्रमात सक्तीचे नव्हतेच. वहिनीने हौसेने जास्तीचे घेतले होते.

छोटी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांना सगळे बाई म्हणत. बाई मान खाली घालून एका दगडावर नंबर लिहीत होत्या.

"बाई, छायाचित्रणात दहा मिळवून कोणी भूशास्त्रात पहिलं येऊ शकतं का?"

"कोणाबद्दल बोलतेयस?"

"कोणाबद्दल नाही. सहज."

"सहज कोणी इतक्या जिन्यांवरून धावत येत नाही." बाईंनी ब्रश खाली ठेवला. "दाखव काय केलंयस ते." त्यांनी कागद पाहिला आणि त्या हसल्या. "अगं, तू सगळे विषय एकाच मापाने मोजलेस. छायाचित्रण दोन क्रेडिटचं आहे. खनिजशास्त्र सहाचं. दोन्हीकडे एकेकच विषय धरलास तर खनिजशास्त्राचा काय उपयोग? आधी दर विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे. आठ पॉइंट आणि सहा क्रेडिट, झाले अठ्ठेचाळीस. असं प्रत्येकाचं कर, मग बेरीज कर आणि एकूण क्रेडिटने भाग. विषयांच्या संख्येने नाही."

"आणि जास्तीचे विषय? तेही धरायचे?"

"घेतले की धरायचे. फायदाही त्याचा, तोटाही त्याचा."

तोटा कसला, ते छोटीने विचारलं नाही. तिचं लक्ष गुणाकाराकडे लागलं होतं. वाचनालयातल्या लांब टेबलाशी बसून तिने सगळं नव्याने मांडलं. मोठ्या क्रेडिटच्या विषयांत तिला चांगल्या ग्रेड होत्या, त्यामुळे तिचा आकडा तसा फारसा खाली आला नाही. चौऱ्याहत्तर क्रेडिट, सहाशे एकोणतीस पॉइंट, भागाकार आठ पूर्णांक पन्नास. वहिनीचे ऐंशी क्रेडिट होते, कारण जास्तीचे तीन विषय दोन-दोन क्रेडिटचे. पॉइंट सहाशे ऐंशी. भागाकार करताना छोटीचं पेन अडखळलं. आठ पूर्णांक पन्नास.

बरोबरीत. ती पुढे नव्हती, पण मागेही नव्हती, आणि कित्येक दिवसांनी तिला भूक लागली.

रात्रीच्या जेवणात तिनेच ही बातमी सांगितली.

"एका घरात दोन साडेआठ!" दादा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायचा आणि आकड्यांवरचे विनोद हा त्याचा हक्क होता. "म्हणजे माझ्या घरात सतरा. दहापैकी सतरा कोणाच्या घरात आहेत सांगा."

"जागा एक आहे रे," आई म्हणाली.

"मग काय, एक आठवडा ही जाईल, एक आठवडा ती."

"मला नाही मिळाली तर मी कारखान्यात जाईन परत," वहिनी म्हणाली. "ते बोलावतातच आहेत. छोटे, पाणी दे गं."

ती सहज बोलली आणि तेच छोटीला झोंबलं. जिच्यापाशी दुसरी वाट होती ती याही वाटेवर बरोबरीने उभी होती. छोटीला कोणी बोलवत नव्हतं. तिने पाणी दिलं.

आता राहिलं होतं ते क्षेत्रकाम. सहा क्रेडिटचं. आठवडाभर डोंगरात राहायचं, जोडीजोडीने फिरायचं, दिलेल्या तुकड्याचा नकाशा करायचा. शंभरपैकी सत्तर गुण नकाशा आणि तोंडी परीक्षेला. उरलेले तीस जोडीदाराच्या हातात: काम, शिस्त, सहकार्य, दहा-दहा गुण, बंद चिठ्ठीत लिहून बाईंकडे द्यायचे. नव्वदपासून दहा पॉइंट, ऐंशीपासून नऊ, सत्तरपासून आठ. बाईंनी जोड्या लावताना या दोघींना एकत्र घातलं.

"तुम्हाला भांडायचं असेल तर घरून सवय असेल," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. वहिनीही हसली.

डोंगरात वहिनीने वही घेतली आणि छोटीने हातोडा. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना छोटीचा पाय घसरला आणि दोन्ही बूट भिजले. वहिनीने पाठपिशवीतून आपले कोरडे मोजे काढून दिले.

"आणि तुला?"

"मी घसरले नाही ना."

छोटीने मोजे घातले. ते पायात नीट बसले, याचाही तिला राग आला.

त्याच दुपारी त्या एका उतारावरून गेल्या. छोटी पुढे होती. वाळूच्या खडकाचे पिवळसर थर डावीकडून उजवीकडे सरळ जात होते, तिने तसंच वहिनीला सांगितलं आणि ती पुढे निघाली. मागून हाक आली.

"छोटे, थांब. मागे ये जरा."

वहिनी उतारावर बसली होती. "हा थर बघ. इथपर्यंत आला. आणि इथून पुढे कुठंय?"

छोटीने पाहिलं. थर तुटला होता. त्याचा पुढचा भाग पुरुषभर खाली, झुडपांच्या मागे दिसत होता. सगळा डोंगर तिथे कधीतरी चिरून खाली घसरला होता आणि ती त्यावरून शीळ घालत चालत गेली होती.

"मी बघणारच होते येताना," छोटी म्हणाली.

"हो गं. घाव घाल इथे, नमुना घेऊ."

पुढचे दिवस त्यांनी त्या चिरेचा माग काढण्यात घालवले. ती रेष नकाशावर आली आणि नकाशाला अर्थ आला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रेषेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कोणाला दिसली.

"आम्हाला," वहिनी म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावली. छोटीला तो शब्द कानाखाली बसल्यासारखा लागला. वहिनी 'मला' म्हणाली असती तर तिला निदान चिडता आलं असतं. आता तिला मोज्यांसारखाच हाही शब्द घालून बसावं लागलं.

चिठ्ठ्या भरायला वर्गाला अर्धा तास दिला होता. छोटी शेवटच्या बाकावर बसली. तिने आधी गणित केलं. वहिनी आपल्याला बरे गुण देणार यात तिला शंका नव्हती. वहिनी लोकांना बरंच देते, म्हणून तर घर तिच्या मुठीत आहे. म्हणजे आपल्याला नऊ पॉइंट. वहिनीला आपण हात राखून दिले तर तिला आठ. बरोबरीत उभ्या असलेल्या दोघींमध्ये तेवढं पुरे होतं.

कामाला तिने पाच दिले. मग कारण शोधलं: वहिनी फार वेळ एकाच जागी बसते. शिस्तीला चार: सकाळी दोनदा तिच्यामुळे उशीर झाला. एकदा खरंच झाला होता, छोटीचे बूट वाळवताना. सहकार्याला तिने सहा लिहिले, खोडले आणि तीन लिहिले. इथे कारण सापडेना, म्हणून तिने शोधलं नाही. चिठ्ठी बंद केली आणि दिली. बाहेर वहिनी पायरीवर बसून तिची वाट बघत होती.

"किती वेळ लावलास! मी तर दोन मिनिटांत भरली."

"विचार करून भरली," छोटी म्हणाली.

निकाल शनिवारी सकाळी लागला. छोटीने फलकावर आपलं नाव शोधलं. नाव सापडलं, पण एकटं नव्हतं. एकेका ओळीत दोन-दोन नावं होती आणि दोन्ही नावांपुढे एकच आकडा. त्यांच्या ओळीत लिहिलं होतं: नकाशा व तोंडी छप्पन्न, जोडीदारांच्या चिठ्ठ्यांची सरासरी एकवीस, एकूण सत्याहत्तर, ग्रेड पॉइंट आठ.

वहिनी शेजारीच उभी होती. तिने ओळ वाचली, भुवया उंचावल्या, मग पुन्हा वाचली. छोटीने तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि ती बाईंच्या खोलीकडे निघाली.

"दोघींना एकच ग्रेड कशी?" तिने दारातूनच विचारलं.

"नकाशा किती केलेत?"

"एक."

"मग ग्रेड दोन कुठून आणू?" बाई म्हणाल्या. "दोघींच्या चिठ्ठ्यांची सरासरी घेते आणि दोघींना मिळून लावते. पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्हा लोकांना तेव्हा बसमध्ये खिडकीची जागा हवी होती."

मागून वर्गातली एक मुलगी धावत आली. "बाई, एकूण सरासरी लागली! वहिनी पहिली! आठ पूर्णांक सत्तेचाळीस!"

"आणि मी?" छोटीने विचारलं.

"तू दुसरी. सेहेचाळीस. अगदी थोडक्यात गं!"

छोटीला काही कळेना. दोघी बरोबरीत होत्या आणि दोघींना आठच मिळाले. बरोबरीत बरोबरी मिळवली तर फरक कुठून आला? ती बाईंच्या टेबलासमोर बसली, न विचारता त्यांचं पेन उचललं आणि भागाकार केला. सहाशे एकोणतीस अधिक अठ्ठेचाळीस, भागिले ऐंशी. सहाशे ऐंशी अधिक अठ्ठेचाळीस, भागिले शहाऐंशी. सेहेचाळीस, सत्तेचाळीस. फलक बरोबर होता.

"तिचे क्रेडिट जास्त," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दया नव्हती आणि चेष्टाही नव्हती. "साडेआठच्या खालचा आकडा आला की दोघी खाली येणार. पण जिचं गाठोडं मोठं, ती कमी खाली येणार. साडेआठच्या वरचा आला असता तर दोघी वर गेल्या असत्या आणि जिचं गाठोडं लहान, ती जास्त वर गेली असती."

छोटीने आठच्या जागी नऊ धरले. पेन आपोआप चाललं. वहिनी आठ पूर्णांक त्रेपन्न. ती स्वतः, आठ पूर्णांक चोपन्न.

ती बाहेर आली तेव्हा वहिनी घासण्याच्या खोलीत आपलं सामान आवरत होती. काचा, पावडरचे डबे, फडकं. तिने वर पाहिलं नाही.

"सरासरी एकवीस म्हणजे दोघींचे मिळून बेचाळीस," वहिनी म्हणाली. "मी तीस दिले होते."

छोटी दाराशीच उभी राहिली.

"बारा. तीसपैकी बारा, छोटे. आमच्या कारखान्यातल्या मुकादमाने मला पंधरा दिले असते आणि तो तर माझ्याशी बोलायचाही नाही." तिने डब्याचं झाकण जोराने दाबलं. "सहकार्याला किती दिलेस?"

"तीन."

"मोजे धरून?"

छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून ती आणखी चिडली. "तुला सगळंच मिळतं. तुला न बघता सगळं मिळतं."

"न बघता?" वहिनीने हात पुढे केले. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती, दोन नखं अर्धी होती. "पहिले काही आठवडे मी बादलीभर काप वाया घालवलेत. तुला दिसू नये म्हणून रविवारी यायचे. तू हसशील असं वाटायचं." तिने फडकं झटकलं. "घरी मी काही सांगणार नाहीये. पण मला विचारू नकोस की राग आला का."

बसमध्ये दोघी वेगळ्या बाकांवर बसल्या.

घरी बातमी आधीच पोचली होती. आईने टेबलावर चांगली ताटं काढली होती. दादा दुकानातून लवकर आला होता आणि त्याला दोन्हीकडे एकदम बघावं लागत होतं, बायकोकडे आनंदाने आणि बहिणीकडे जपून.

"एका शतांशाने!" तो म्हणाला. "पाव नंबराने डोकं दुखतं लोकांचं, हा तर त्याच्याही खाली. पण मला हे समजत नाही. तुम्ही बरोबरीत होता. दोघींना ग्रेड एकच. मग फरक आला कुठून?"

वहिनी जेवत राहिली. आई म्हणाली, "जाऊ दे ना आता." पण दादाला आकडा अर्धवट सोडवत नसे.

म्हणून छोटीने सांगितलं. पाण्याचा पेला आणि तांब्या जवळ ओढला. दोन्हींत चिमूटभर मीठ टाकलं. "पेला मी, तांब्या वहिनी. तिचे क्रेडिट जास्त, म्हणजे पाणी जास्त. चिमूट तेवढीच, पण माझं पाणी जास्त खारट होणार. वाईट ग्रेड मला जास्त लागली."

दादाने दोन्हीतला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खूश झाला. "म्हणजे साखर टाकली असती तर तू जास्त गोड झाली असतीस!"

"हो."

"म्हणजे नऊ मिळाले असते तर जागा तुझी?"

"हो."

"मग किती कमी पडले नवाला?"

"तीन गुण."

"तीन! कोणी कापले? ते बाहेरचे परीक्षक?"

वहिनीचा हात ताटात थांबला. ती काही सांगणार नव्हती. तिने तसं म्हटलं होतं आणि ती बोलली तसंच वागायची. छोटीला ठाऊक होतं, आपण फक्त मान हलवायची, 'हो, परीक्षक' म्हणायचं, आणि हे प्रकरण इथेच मिटेल. आणि मग जन्मभर वहिनीने आपल्याला झाकलं, असं होईल. हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

"मी कापले," ती म्हणाली. "जोडीदाराला तीस गुण द्यायचे होते. मी वहिनीला बारा दिले. मला वाटलं, ते फक्त तिचे कापले जातील."

दादाने पेला खाली ठेवला. "आणि तिने तुला?"

"तीस."

दादाला विनोद सुचला नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आई उठली. छोटीला वाटलं, आता ओरडा बसेल, आणि तो बसावा असंच तिला वाटत होतं. पण आई टेबलाला वळसा घालून वहिनीच्या मागे गेली आणि तिने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला माहीत होतं?" आईने हळूच विचारलं. वहिनीने होकारार्थी मान हलवली.

छोटीने खरं सांगितलं होतं, जागा गमावून सांगितलं होतं. पण हात तिकडे गेला होता. तो तिकडेच जायला हवा होता हे तिला कळत होतं, आणि तरी ती त्या हाताकडे बघत राहिली.